जंतूसाहेबांचा झेंडा

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. आदरापोटी नव्हे, उगाच गैरसमज नको. आमच्या गावात ते नाव कुणी घेतच नसे, म्हणून. कागदोपत्री तो सॅनिटरी इन्स्पेक्टर होता. गावाने त्याला आल्या आल्या जंतूसाहेब करून टाकलं, आणि बदली होऊन गेला तरी लोकांच्या तोंडी तेवढंच राहिलं. मला विचाराल तर तेही जास्तच झालं.

तापीच्या काठी आमचं गाव. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे, मंदीचे दिवस होते. मी गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि थोरला भाऊ शेती बघत होता. हा साहेब आला पुण्याकडून. काम काय, तर नदीच्या घाटावरचं पाणी तपासायचं आणि कुठे आंघोळ करावी, कुठे करू नये ते लोकांना सांगायचं. सांगायचं कुणाला? अहिराणी बोलणाऱ्यांना. आणि ह्या शहाण्याला अहिराणीचं एक अक्षर कळत नव्हतं, कळावं अशी इच्छाही नव्हती. म्हणून डॉक्टरांनी मला त्याच्या दिमतीला दिलं. सकाळी बाटल्या धरायच्या आणि दिवसभर दुभाष्याचं काम करायचं. समोरच्याने तोंड उघडलं की साहेब त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळे आणि विचारी, "काय म्हणाला?" बाई असली तर, "काय म्हणाली?" ह्या दोन शब्दांनी मला वीट आणला होता.

दिसायला म्हणाल तर किडकिडीत. डोक्यावर ऊन-टोपी, अंगात खाकी कोट, खाली धोतर आणि पायात गुडघ्यापर्यंत मोजे घालून बूट. आणि बोटं कायम तपकिरी, कारण जिथे जाईल तिथे लाल औषध. विहिरीत टाकायची ती जांभळी भुकटी हो, तिच्या पुड्या कोटाच्या चारी खिशांत. भाजी धुवायची तर लाल औषध, दाढीच्या पाण्यात लाल औषध. शाळेच्या समारंभात हेडमास्तरांनी गळ्यात झेंडूचा हार घातला, तर ह्याने तो तिथल्या तिथे काढून पाण्याच्या तांब्यात बुचकळला, वर चिमूटभर भुकटी टाकली, आणि ठिबकणारा हार परत गळ्यात घालून भाषणाला उभा राहिला. कोटावर ओघळ उतरले. पोरं हसली. त्याला वाटलं, पोरांना भाषण आवडलं.

कुणाच्या घरचं पाणी तो प्यायला नाही. लग्नाला गेला तरी उकळलेल्या पाण्याची बाटली काखेत. यजमानीण बिचारी गूळपाणी घेऊन उभी राहायची आणि हा तिला सांगायचा, "बाई, यात जंतू आहेत." मग मी अहिराणीत तिला सांगायचो की साहेबांचं पोट बिघडलं आहे. नाहीतर मार मलाच बसला असता.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. घाटावर बाया धुणं धूत बसल्या की हा हात वर करून म्हणे, "डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून नाहीत असं समजू नका!" जंतूंबद्दल बरं का. मी ते अहिराणीत सांगितलं, तेव्हा भुरीमायने मान डोलावली. भुरीमाय म्हणजे नावाड्याची म्हातारी, दिवसभर घाटाच्या पायरीवर बसून असायची, आणि घाटावर काय चालतं, काय नाही हे ती ठरवायची. ती म्हणाली, "देवनं बी तसंच शे, साहेब. तो बी दिखत नई."

"काय म्हणाली?"

"पटलं म्हणते, साहेब."

दुसऱ्यांदा त्याने सांगितलं, "या पाण्याच्या एका थेंबात कोट्यवधी जीव आहेत." हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. भुरीमायने दोन्ही हात जोडले. "कोटी? तेहतीस कोटी व्हतीन मंग." साहेब खूश. बाईने हात जोडले म्हणजे व्याख्यान लागू पडलं, असा त्याचा हिशेब.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, ती करतो आणि पुढे जातो. पाण्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. घाटाच्या खालच्या टोकाला गावचा नाला नदीत उतरायचा. खाटीकवाड्यापासून सगळ्या गावाची घाण घेऊन. तिथलं पाणी वाईट होतं. पण त्यासाठी पुण्याला बाटली पाठवायची गरज काय? आमच्या म्हशीसुद्धा तिथे उतरत नसत. वरच्या अंगाला काळ्या खडकाजवळ पाणी वाहतं, नितळ, आणि सगळं गाव तिथेच आंघोळ करायचं. म्हणजे सगळं ठीक चाललेलं होतं. मग साहेब आला.

आधी त्याने नाल्याच्या तोंडाशी पाटी लावली. "येथील जल जंतुदूषित असल्याने स्नानपानास सर्वथा निषिद्ध आहे." वाचता येणारे गावात मोजके, आणि त्यांनाही 'सर्वथा' कळलं नसणार. पाटी चांगली सागवानी होती. कुणाच्या तरी बकऱ्यांच्या कोंडवाड्याला दार झालं तिचं. मग साहेबाने विचार केला आणि म्हणाला, "निरक्षरांसाठी रंगाची खूण पाहिजे." बाजारातल्या मारवाडी शेठच्या दुकानातून लालभडक खारव्याचं कापड आणलं, उंच बांबूला बांधलं, नाल्याच्या तोंडाशी दगड रचून त्यात तो बांबू उभा केला. वर स्वतः दगडांना चुना फासला, म्हणजे लांबून दिसावं.

नदीकाठ, रचलेले दगड, चुना आणि वर लाल झेंडा. आमच्याकडे ह्याला काय म्हणतात हे गावातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. ह्याने कुणाला विचारलं नाही.

त्यात भर ह्याच्या बाटल्यांची. पाण्याचा नमुना घ्यायची त्याची एक पद्धत होती, आणि ती तो मंगळवारीच करायचा, कारण सुरतेहून बर्फ मंगळवारी यायचा. नंदुरबार स्टेशनावरून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी बैलांच्या दमणीत घालून आणायची. भल्या पहाटे साहेब घाटावर हजर. शेवाळावर बूट घसरतात म्हणून बूट-मोजे काढायचा. अनवाणी पाण्यात उतरायचा, प्रवाहाकडे तोंड करून वाकायचा. स्पिरिटचा दिवा पेटवून बाटलीच्या तोंडाभोवती ज्योत गोल गोल फिरवायचा, म्हणजे काचेवरचे जंतू मरावेत. मग बाटली बुडवायची, भरायची, पुन्हा ज्योत फिरवायची, वर लाल लाख ओतून मोहोर करायची. स्वच्छ फडक्यात गुंडाळून, बर्फात ठेवून पुण्याला रवाना. आणि हे सगळं होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही, थुंकी उडते म्हणून.

घाटावरच्या बाया हे दर मंगळवारी बघत होत्या. भुरीमायने एके दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं, "साहेब जोडा काढीसन उतरस. दिवा ओवाळस. मोन धरस. आठेनं तीर्थ बर्फमा ठेईसन पुण्याले धाडस, मोठा साहेबलोके पेतस. आपलाच गावले कळनं नई आतेलोंग."

आणि पुण्याहून उत्तर यायचं ते इतक्या दिवसांनी की बाटलीतलं पाणी ज्या नदीचं, ती तोवर सुरतेच्या खाली समुद्रात गेलेली. पण उत्तर आलं की साहेब ते घाटावर मोठ्याने वाचायचा. बाया पदर सावरून, हात जोडून ऐकायच्या. महिन्याभरात नाल्याच्या तोंडाशी शेंदूर आला, हळदीकुंकू आलं, झेंड्याला हार आले. ज्या शेठने कापड विकलं होतं, त्यानेच शेजारी नारळाचं पाल टाकलं. झेंडावाली माय म्हणे. मूल होत नाही त्या बाईने पाच मंगळवार तिथे ओलेत्याने बुडी मारायची आणि तीन ओंजळी तीर्थ प्यायचं. जिथे म्हशी जात नव्हत्या तिथे ह्या गाढवाने माणसं नेऊन घातली.

मी त्याला सांगितलं. एकदा नाही, घसा सुकेपर्यंत सांगितलं.

"साहेब, झेंडा काढा. लोक त्याला देव समजायला लागलेत."

"लाल म्हणजे धोका, कंपाउंडर. रेल्वे पाहिली नाहीस? लाल दिसलं की गाडी थांबते."

"लोकपण थांबतात साहेब. थांबतात आणि आंघोळ करतात."

तो विचारात पडला. मला वाटलं, चला, उजेड पडला. तर म्हणतो, "लोकांच्या लक्षात येत नसेल तर झेंडा मोठा हवा." आणि खरोखर दुप्पट कापड आणलं त्याने! मोठा झेंडा लागला तशी पलीकडच्या काठावरूनही नावा भरून बाया यायला लागल्या.

मी म्हटलं, "मग असं करा. हाच झेंडा उचला आणि वर काळ्या खडकाजवळ रोवा. लोक झेंड्यामागे जातील, चांगल्या पाण्यात आंघोळ करतील. तुमचंही काम झालं, त्यांचंही."

साहेबाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगत होतो. "स्वच्छ पाण्यावर धोक्याची खूण? कंपाउंडर, असत्य माझ्या हातून होणार नाही." हे तो छातीवर हात ठेवून बोलला, आणि मग बाटली तोंडाला लावून आपलं उकळलेलं पाणी प्यायला. काय म्हणावं सांगा. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

मी एवढा का पेटलो होतो, तर माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको, लोणखेड्याची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पदरी मूल नाही. आईने घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं : आखाजीपर्यंत वाट बघायची, नाहीतर थोरल्याचं दुसरं लग्न करायचं. भाऊ खाली मान घालून जेवत राहायचा. त्याचाही मला राग येतो, पण ते असो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. वहिनी त्या वर्षी झोक्याचं नाव काढत नव्हती. आखाजी म्हटलं की तिचा हात थबकायचा.

ती झेंड्याकडे जायला लागली तेव्हा मी तिला आडवा गेलो. "वहिनी, तठे जाऊ नको. घाण पानी शे ते. मी सवता बाटल्या धरस."

ती हसली. शांत बाई होती, वाद घालायची नाही. म्हणाली, "तू सांगस ते खरं व्हई, भाऊ. पन झेंडा तं तुन्हा साहेबनीच लायेल शे. खराब जागाले कोनी झेंडा लावस का?"

मी दवाखान्यात जंतूंवरची दोन पुस्तकं वाचलेला माणूस, बाटल्यांची पेटी घेऊन तिच्याच मागून घाटावर गेलो.

तिचे पाच मंगळवार झाले. आणि संक्रांतीच्या पुढेमागे वहिनीला दिवस गेले.

घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! आईने दुसऱ्या लग्नाचा विषय गिळून टाकला. वहिनीला गूळ-शेंगदाणे काय, तूप काय, तिच्या हातातला हंडा आई स्वतः उतरवून घ्यायला लागली. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. फक्त एक पंचाईत. वहिनी आता आभाराचे मंगळवार करायला लागली. मी ओरडलो, भावाला सांगितलं, आईला सांगितलं. आई म्हणाली, "मायनी दिन्हं नि आते तिले पाठ दाखाडू का?" सगळं गाव त्यांच्या बाजूला, आणि माझ्या बाजूला कोण, तर जंतूसाहेब. तो तर झेंडा लावून मोकळा झाला होता.

चैत्रात नदी आटली. धार बारीक झाली, नाल्याचंच पाणी तेवढं जोरात. आणि गावात पटकी आली. उलट्या, जुलाब, दोन दिवसांत माणसं काडीसारखी. झेंड्याच्या बाजूच्या आळीत आधी लागली, मग आमच्या घरात. वहिनीला आम्ही दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी दिलं, मी तिच्या उशाशी बसून होतो. वहिनी वाचली. पोटातलं गेलं.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या दारात. रोग्याच्या घरी चुना आणि भुकटी टाकायची हे त्याचं कामच होतं. बूट घालून आत आला, ओसरीत भुकटी शिंपडली, मोरीत शिंपडली, मग वहिनी जिथे निजली होती त्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. तिने डोळे उघडले. हा कोण आहे हे तिला कळलं, आणि ती उठून बसायला धडपडायला लागली, कारण तिच्या लेखी तो मायचा माणूस होता. तिच्याने उठवेना. तशीच पडल्या पडल्या तिने हात जोडले.

"साहेब, मायनी माले दिन्हं व्हतं," ती म्हणाली. "मालेच सांभाळता उनं नई. मन्हीच चूक शे. माफ करा."

मी वाट बघत होतो. आता हा माझ्याकडे वळेल आणि विचारेल, काय म्हणाली? आणि ह्या वेळी मी मऊ करून सांगणार नव्हतो. शब्दन् शब्द त्याच्या तोंडावर फेकणार होतो, वर माझ्या पदरचेही घालणार होतो. सगळं तयार होतं माझ्या जिभेवर.

त्याने विचारलंच नाही. तपकिरी बोटांत पुडी तशीच धरून तो उभा राहिला. मग वळला आणि गेला. जाताना त्याच्या हातून भुकटी सांडत गेली, आमच्या अंगणात जांभळ्या ठिपक्यांची ओळ कितीतरी दिवस राहिली. आई ती पुसू देईना, मायची पावलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, बर्फ नव्हता. तरी पहाटे मी बाटल्यांची पेटी घेऊन घाटावर गेलो, सवयीने. साहेब आधीच आलेला. अनवाणी. झेंड्याचा बांबू त्याने दगडांतून उपसला होता आणि खांद्यावर घेऊन घाटाच्या कडेकडेने वरच्या अंगाला चालला होता. हार लोंबत होते, शेंदूर त्याच्या कोटाला लागला होता. मागून भुरीमाय आणि बाया अंतर ठेवून, अवाक होऊन चालत होत्या. काळ्या खडकाजवळ तो थांबला. बांबू रोवला, दगड रचले. मग खिशातून स्पिरिटचा दिवा काढला, पेटवला, आणि बाटली नाही, काही नाही, नुसती ज्योत झेंड्याभोवती गोल गोल फिरवली.

भुरीमायने भीत भीत विचारलं, "साहेब, माय उठनी का?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्याने मला हाताने थांबवलं.

"हाव," तो म्हणाला. "माय वर गई. खाले आते कोनी जाऊ नका."

उच्चार भयंकर होते. पण त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच शहाणपणाचं बोलणं, आणि ते खोटं होतं, आणि उशिरा आलं. बाया भराभर पाण्यात उतरल्या. चांगल्या पाण्यात. मी त्याला शाबासकी दिली असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मी पेटी उचलली आणि दवाखान्यात निघून आलो.

पुढे जिल्ह्याहून मोठा अधिकारी फिरतीवर आला. त्याने बघितलं, चांगल्या पाण्यावर धोक्याचा झेंडा आणि नाल्यावर काहीच नाही. साहेबाला तिथेच, लोकांसमोर फैलावर घेतलं. मी बाजूला उभा होतो. वाटलं, आता हा काहीतरी खुलासा करेल, लोकांवर ढकलेल, माझ्यावर ढकलेल. तो म्हणाला, "लोक झेंड्यापाशीच आंघोळ करतात, साहेब." एवढंच. अधिकाऱ्याला वाटलं, उन्हाने ह्याचं डोकं फिरलं आहे. त्याची बदली तोरणमाळच्या पायथ्याला झाली, हिवतापाच्या मुलखात. निरोपाला मी गेलो नाही. भुरीमाय गेली होती. तिने त्याला नारळ दिला आणि म्हणे त्याने तो न धुता घेतला. मला खरं वाटत नाही.

अधिकाऱ्याने झेंडा खाली हलवायचा हुकूम काढला होता. पण आता त्या झेंड्याला हात कोण लावणार? तो वरच राहिला. गावात पटकी पुन्हा तशी आली नाही.

आमच्या घरात मात्र आखाजी आली. आईने विषय पुन्हा काढला आणि वर्षभरात थोरल्याचं दुसरं लग्न झालं. नवीला मुलं झाली. वहिनीनेच ती वाढवली. भांडली नाही, रडली नाही. दर मंगळवारी ती वर काळ्या खडकाजवळ जायची, आणि दुखणं आल्यापासून तिला चक्कर यायची म्हणून मी बरोबर जायचो.

नवीला पहिला मुलगा झाला त्या आठवड्यातली गोष्ट. वहिनी पाण्यात गुडघाभर उभी होती. झेंड्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, एक इचारू? मायनी जागा बदलनी ती मन्हामुळेच ना? मन्हावर रागे व्हईसन गई ना ती?"

साहेबा, बघ. एवढं शहाणपण करून गेलास, ते हिच्याच माथी बसलं. तू तिथे असतास तर तुला त्याच पाण्यात ढकलला असता मी.

"नई वहिनी," मी म्हटलं. "तुन्हामुळे नई."

तिला पटलं नाही. तिने ओंजळ भरली. माझा हात जुन्या सवयीने पुढे झाला तिला अडवायला. मग मी तो मागे घेतला.

"पी वहिनी," मी म्हटलं. "पानी चांगलं शे आठे."